बिनटाक्याचं ऑपरेशन

आमच्या सासूबाईंच्या पोटावर सतरा टाके होते. ही गोष्ट मला लग्नाआधीच कळली. मुलगी पाहायला त्या अड्याळहून आमच्या कारध्याच्या घरी आल्या, पोहे खाल्ले, मला एकदा वरून खाली बघितलं, आणि माझ्या आईचं मागच्याच वर्षी अपेंडिक्सचं ऑपरेशन झालंय हे कानावर पडताच मुलगी सोडून आईकडे वळल्या.

"किती टाके पडले?"

"पाच," आई म्हणाली.

"पाच? पाच टाके त गोधडीच्या एका कोपऱ्याले लागते, बाई."

मग दोघी आतल्या खोलीत गेल्या. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या तेव्हा आई एखाद्या मोठ्या देवस्थानाचं दर्शन घेऊन आल्यासारखी गंभीर झाली होती, आणि माझं लग्न ठरलेलं होतं. माझं शिक्षण, माझी शाळेतली नोकरी, माझा पटकन चढणारा पारा, यातलं काही कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर पाऱ्याचं मी स्वतःच सांगितलं असतं.

लग्न होऊन अड्याळला आले आणि तिथली रीत कळली. गावात कोणतीही बाई ऑपरेशन करून घरी आली की शेजारपाजारच्या बाया तिचे टाके पाहायला जात. नुसतं जायचं नाही. पदराखाली काहीतरी न्यायचं. गावठी अंडी, तांब्याभर दूध, नाहीतर बिस्किटांचा पुडा. मग दार लोटून घ्यायचं, आजारी बाईने पदर बाजूला करायचा, आणि सगळ्यांनी वाकून पाहायचं. लपवाछपवी नाही, लाजणं नाही. उलट कोणी पाहायला आलं नाही तर बाई रुसायची.

या कार्यक्रमाच्या अध्यक्ष कायम आमच्या सासूबाई. त्या टाके नुसते पाहत नसत, बोट न लावता बोटाने मोजत. नऊ निघाले की नाक मुरडत. बारा म्हणजे बरं. चौदाच्या खाली त्या ऑपरेशन म्हणायलाच तयार नसत. आणि मोजणी संपली की ओघानेच स्वतःच्या सतरा टाक्यांची गोष्ट निघे. बेंबीपासून खाली सरळ उतरलेला तो जाड वण साऱ्या आळीला तोंडपाठ होता.

टाके सतराचे अठरा कधी झाले नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. पण त्या टाक्यांतून जो गोळा निघाला होता, तो मात्र वाढत होता. माझ्या लग्नाच्या वर्षी तो कवठाएवढा होता. दोन वर्षांनी नारळाएवढा झाला. पाचव्या वर्षी तो वैनगंगेच्या रेतीत पिकलेल्या डांगराएवढा झाला, आणि हे डांगर उचलायला दोन नर्सा लागल्या. आमचे हे, म्हणजे माझे यजमान, आईची गोष्ट सुरू झाली की हळूच बैलांना पाणी दाखवायला जात. ते त्यांचे एकुलते एक. प्रत्येक घरात पाच-सहा पोरं असायच्या त्या काळात हे एकटेच कसे, असा प्रश्न मला कधी पडला नाही. मी मास्तरीण असून नाही पडला. गोळा पोटात नेमका कुठे होता, हेही मी कधी विचारलं नाही.

ऐंशीच्या दशकातली ती वर्षं. मी एकतीस वर्षांची होते आणि दीड वर्ष मी फक्त चॉकलेटी आणि काळपट साड्या नेसत होते. पाळी आली की जायचं नाव घेत नसे. गेली की चार दिवसांत विसरलेली वस्तू घ्यायला आल्यासारखी परत येई. शाळेत फळ्यावर लिहिताना मला पाठीमागे पोरांचे डोळे जाणवायचे, आणि मी विनाकारण एखाद्याला उभं करायची. लग्नानंतर मला दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं होतं. मला मूल हवं होतं. हे मी कोणापुढे बोलत नसे, कारण बोललं की डोळ्यांत पाणी यायचं, आणि डोळ्यांत पाणी आलं की मला स्वतःचाच राग यायचा.

शेवटी भंडाऱ्याला एका डॉक्टरांना दाखवलं. सज्जन माणूस. त्यांनी तपासलं, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, आणि म्हणाले, "अंगात रक्त राहिलं नाही. आता पिशवी काढून टाकू. कायमची कटकट जाईल. पुढच्या सोमवारी या."

पिशवी म्हणजे गर्भाशय. आमच्याकडे त्याला पिशवीच म्हणतात, जशी काही ती खुंटीवर टांगलेली असते आणि उतरवून ठेवली की झालं. मला ओरडावंसं वाटलं, पण अंगात तेवढं त्राणही नव्हतं. दीड वर्षात माणूस थकतो. मी मान हलवली.

सासूबाई सोबत होत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "टाके किती पडतीन?"

"पंधरा-सोळा धरा," डॉक्टर म्हणाले.

परतीच्या एसटीत सासूबाई एक अक्षर बोलल्या नाहीत. घरी येऊन जेवल्या नाहीत. लाखोळीच्या डाळीचं वरण, वांग्याची भाजी, सगळं तसंच झाकून ठेवलं आणि ओसरीवर बसून राहिल्या. मी आपली आत पडल्या पडल्या धुमसत होते. म्हटलं, झालं! सून सोळापर्यंत येऊन पोचली, आता बाईंना गादी जाईल याची धास्ती. नाकापेक्षा मोती जड होऊन राहिला! इतकं वाईट मी मनात म्हटलं, आणि ते लिहून ठेवते, कारण पुढे त्याची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच त्यांनी मला हलवून उठवलं. हातात पाण्याने भरलेला तांब्या.

"पी."

"कशाला?"

"पी म्हनतो नं. आज नागपूरले जाऊन राहिलो आपन. दुसऱ्या डाक्टरले दाखवू."

मी चमकले. मग हळूहळू उलगडा झाला. सासूबाईंची दिघोरीला एक भाची होती. दोन वर्षांपूर्वी तिलाही असाच त्रास होता. नागपूरच्या एका डॉक्टरीणबाईंनी तिला दुर्बिणीने काहीतरी केलं आणि दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं. सासूबाई रीतीप्रमाणे अंडी घेऊन दिघोरीला टाके पाहायला गेल्या, तर टाका नाही! एकही नाही! तेव्हा त्या तिथेच, भाचीच्या सासूसमोर, म्हणाल्या होत्या, "तुमाले ठगवलं. बिनटाक्याचं कायचं ऑपरेशन!" आणि अंडी परत घेऊन आल्या होत्या. तीच ही भाची. तिला मागच्या वर्षी मुलगा झाला होता.

"पिशवी न काढता जमते म्हने तिथं," सासूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "आन् पानी पिऊन या म्हनते. पोट भरलं असलं का मशिनीत बराबर दिसते. पी."

पाणी तपासणीच्या आधी तासभर प्यायचं असतं. हे भाचीने सांगितलं नव्हतं, की सासूबाईंनी ऐकलं नव्हतं, देव जाणे. मी अड्याळलाच दोन तांबे रिचवले. सून एकटी कशी पिईल म्हणून सासूबाईही एक तांब्या प्याल्या. मग अड्याळ ते भंडारा एसटी, भंडाऱ्याला गाडी बदलून नागपूर. रस्त्यात जितके खड्डे होते तितके त्या दिवशी मी नावानिशी ओळखले. भंडाऱ्याच्या स्टँडवर मी आशेने बाथरूमकडे पाहिलं तर सासूबाईंनी माझा दंड धरला.

"नोको. सारं पानी वाया जाईन."

आणि मला तिथे बाकावर बसवून स्वतः जाऊन आल्या.

नागपूरच्या डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा फार मोठ्या नव्हत्या. केस आखूड, बोलणं भरभर, हात मात्र शांत. त्यांनी सोनोग्राफी करून घेतली. त्या पडद्यावर मला पावसाळी आभाळ सोडून काही दिसलं नाही. त्यांना दिसलं. म्हणाल्या, "पिशवी चांगली आहे. आतल्या बाजूला मांसाचा एक कोंब आलाय, देठावर लटकलेला. पॉलिप म्हणतो आम्ही. बहुतेक तोच हा सगळा गोंधळ घालतोय. दिवस टिकत नाहीत, त्यालाही तोच कारण असू शकतो. तो काढायचा. पिशवीला हात नाही लावायचा."

"पोट फाडून?" मी विचारलं.

"छे! एक बारीक नळी, तिला दुर्बीण. खालच्या वाटेनेच आत जायचं, पाहायचं, देठ कापायचा आणि कोंब बाहेर काढायचा. उद्या संध्याकाळी घरी."

हे यंत्र तेव्हा नागपुरातही नवलाचं होतं. बाई मुंबईला जाऊन ते शिकून आल्या होत्या आणि नवीन सायकल मिळालेल्या पोरासारख्या खूश दिसत होत्या. मला त्यांच्याबद्दल विश्वास वाटला. काळजी होती ती सासूबाईंना.

"टाके किती?"

"एकही नाही, आई."

"एखांदा?"

"लागतच नाही."

"न लागू द्या. वरून एक मारून द्या नं. लोकाईले दाखवाले."

डॉक्टरीणबाई इतक्या हसल्या की बाहेरची नर्स डोकावली. सासूबाई हसत नव्हत्या. त्या खरोखरच विचारत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला भूल दिली. जाग आली तेव्हा ओटीपोटात पाळीच्या दिवसांसारखी थोडी कळ होती आणि घशाला कोरड. बस्स. मी हाताने चाचपून पाहिलं, पोट जिथल्या तिथे होतं. खिडकीपाशी सासूबाई उभ्या होत्या. त्यांच्या हातात एक छोटी बाटली होती, औषधाच्या पाण्याने भरलेली. तपासणीला पाठवायच्या आधी डॉक्टरीणबाईंनी ती त्यांना दाखवायला दिली होती. त्यांनी ती उजेडात धरली होती.

"एवढंच?" त्या म्हणाल्या.

"एवढंच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सासूबाईंनी बाटली फिरवून दुसऱ्या बाजूने पाहिली. "एवढंच?" पुन्हा विचारलं.

मला गुंगीतही हसू येत होतं. कवठ, नारळ, डांगर पाहिलेल्या बाईला हे कसं पुरावं! डोंगर पोखरून उंदीर निघाला म्हणून बाईंचा हिरमोड झाला, असं मी समजले. बाटली खाली ठेवायला त्यांना इतका वेळ का लागला, याचा मी विचार केला नाही.

परतताना भंडाऱ्याला उतरल्यावर त्या म्हणाल्या, "बस इथंच," आणि औषधाच्या दुकानात गेल्या. परत आल्या त्या पांढऱ्या पट्टीचे दोन गुंडाळे, कापूस आणि लाल औषधाची बाटली घेऊन.

"हे काय?"

"घरी सांगतो."

घरी गेल्यावर त्यांनी दाराला कडी घातली आणि मला खाटेवर आडवं केलं. पोटावर कापसाची जाड घडी ठेवली, त्यावर लाल औषधाचे थेंब टाकले, थोडं दूर होऊन पाहिलं, पुन्हा दोन थेंब टाकले. मग कमरेभोवती पट्टीचे वेढे. भिंत सारवताना लावत तेवढं मन लावून काम चाललं होतं.

"आई, मला काही झालेलं नाही. परवा चौथीची परीक्षा आहे. मला शाळेत जायचंय."

"सव्वा महिना खाटेवरून उठाचं नाही."

"डॉक्टर म्हणाल्या दोन दिवस पुरे!"

"डाक्टर नागपूरले राहते. आपन अड्याळले राहतो." त्यांनी गाठ मारली आणि आवाज खाली आणला. "आयक, मास्तरीन. तुह्यं दोनदा वाया गेलं, हे साऱ्या गावाले मालूम हाये. आता तू नागपूरले जाऊन आली आन् अंगावर टाका नाही, म्हनल्यावर लोकं काय म्हनतीन? साफ करून आली म्हनतीन. तोंडाले कोन हात लावन? पट्टी राहू दे."

पोटातलं मूल मुद्दाम पाडून आली, असा त्याचा अर्थ. मूल हवं म्हणून जिवाचं रान करणाऱ्या बाईबद्दल असं बोलतील? बोलतील. गाव मला माहीत होतं. मी पट्टी राहू दिली.

पुढचे तीन दिवस मी आयुष्यातलं सर्वांत वाईट नाटक केलं. ठणठणीत बाईने कण्हायचं कसं, हे कोणी शिकवत नाही. बाया येत, अंडी ठेवत, पट्टीवरचा लाल डाग पाहून चुकचुकत. "टाके पाहू दे" म्हटलं की सासूबाई आडव्या येत. "डाक्टरनं पट्टी खोलाले मना केलं हाये. हवा लागली का पिकन." ही हवा लागण्याची अडचण त्यांनी आजवर दुसऱ्या कोणाच्या टाक्यांना येऊ दिली नव्हती, हे सगळ्यांच्या लक्षात होतं. बाया एकमेकींकडे बघत निघून जात. परीक्षेची सोय हेडमास्तरांनी केली, पेपर मात्र माझ्याकडे पाठवले. मी पांघरुणाखाली पेपर तपासत होते आणि चाहूल लागली की कण्हत होते. एका पोराच्या गणिताला कण्हण्याच्या भरात चुकून बरोबरची खूण दिली. पुढे तो माझा लाडका झाला.

चौथ्या दिवशी दाई आली. ही आमच्या आळीतली म्हातारी सुईण, सासूबाईंची लहानपणापासूनची मैत्रीण. अर्ध्या गावाची नाळ तिनेच कापलेली. पदरात चार अंडी आणि मागे शेजारच्या दोन बाया. सासूबाई तेव्हा अंगणात होत्या. एप्रिल महिना होता. शेतातल्या झाडाची मोहफुलं वेचून आणून त्या चटईवर वाळत घालत होत्या, आणि घरभर तो गोड, जड वास भरला होता.

दाईने अंडी खाटेच्या उशाशी ठेवली आणि सरळ माझ्या पोटावर अंगठा दाबला.

"दुखते?"

"नाही," मी म्हणाले.

मास्तरकीच्या एवढ्या वर्षांत प्रश्न आला की खरं उत्तर द्यायची सवय. शब्द तोंडातून गेला आणि मी जीभ चावली, पण उशीर झाला होता. दाईने एका झटक्यात गाठ सोडली. वेढे सुटले, कापूस बाजूला झाला, आणि माझं पोट साऱ्यांसमोर धुतलेल्या पाटीसारखं कोरं!

"टाके कुठं हायेत व?"

मागच्या दोघींपैकी एक दुसरीच्या कानात बोलली, पण मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "साफ करून आली, म्हटलं नव्हतं म्या?"

दाईने उशाशी ठेवलेली अंडी एक-एक करून परत पदरात घेतली. टाके नाहीत तर अंडी नाहीत, रीत म्हणजे रीत. माझा पारा चढला. मी उठून बसले, काय बोलले असते देव जाणे. पण दारात सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. ओंजळीत तशीच मोहफुलं.

मला वाटलं, आता त्या नवीन काहीतरी रचतील. पट्टीच्या मागे टाके आतल्या बाजूला आहेत, असं काहीतरी. त्यांना सहज जमलं असतं. पण त्या आत आल्या, दाईचा हात धरला आणि तिच्या तळहातावर एक ताजं मोहफूल ठेवलं. फिकट, मांसल, छोटंसं.

"हे निंगालं इच्या पिशवीतून," त्या म्हणाल्या. "एवढं. देठावर होतं. दुर्बीन घालून डाक्टरीनबाईनं तोडलं. म्या शिशीत माह्या डोळ्यानं पाहिलं. पोट नाही फाडलं. पिशवी हाये तशी हाये. साफ कोनी केलं नाही."

सासूबाईंनी दाईचा हात सोडला नव्हता.

"तू होती नं तव्हा माह्यासंगं? बैलगाडीत तूच माहं डोकं मांडीवर घेतलं होतं. पोरगं दीड वर्साचं होतं. असंच अंगावरून जात होतं मले, इच्यासारखंच. त्याइनं पिशवीच काढून घेतली. बावीस वर्साची होतो मी. काय निंगालं ते मले कोनी दाखवलं नाही. मी म्हटलं, एवढं मोठं पोट फाडलं, सतरा टाके मारले, त मोठाच गोळा असन. लय मोठा असन. आन् परवा शिशीत पाहिलं, त एवढंसं फूल व. माह्यातबी एवढंच असन त?"

गोळा दरवर्षी का वाढत होता, ते मला तेव्हा कळलं. सगळी होणारी लेकरं घेऊन गेलेली वस्तू लहान असून कसं चालेल? ती वाढवावीच लागते. भंडाऱ्याहून आल्यावर त्या रात्री त्या का जेवल्या नाहीत, तेही कळलं. मी त्यांच्याबद्दल मनात जे जे म्हटलं होतं ते सगळं आठवलं आणि मला रडू आलं. राग वगैरे काही आला नाही. खूप वेळ रडले, पेपरांवरची शाई पसरली.

सासूबाईंच्या वेळच्या डॉक्टरला मी दोष देत नाही. आत पाहायला तेव्हा डोळाच नव्हता, आणि बाईचा जीव तर वाचला. पण हे शहाणपण मला नंतर सुचलं.

दाई बराच वेळ हातातल्या फुलाकडे बघत होती. मग तिने पदरातली अंडी पुन्हा बाहेर काढली. दोन माझ्या उशाशी ठेवली. आणि दोन सासूबाईंच्या हातात दिली.

"मले काहून?" सासूबाई म्हणाल्या.

"तुह्या टायमाले आनले नव्हते," दाई म्हणाली. "घरी कोंबड्याच नव्हत्या तव्हा."

त्यानंतर दोघी अंगणात जाऊन मोहफुलं पसरवत बसल्या. त्या दोन बाया केव्हा निघून गेल्या, मी पाहिलं नाही. दोन दिवसांनी मी शाळेत गेले. आठवड्याभराने नागपूरहून तपासणीचा कागद आला, साधाच कोंब होता, काळजीचं काही नाही. आणि गावात गोष्ट अशी फिरली की मास्तरणीच्या पोटातून मोहाचं फूल निघालं. काही महिन्यांत आजूबाजूच्या गावांतल्या तीन-चार बाया सासूबाईंकडे नागपूरचा पत्ता विचारून गेल्या. सासूबाई प्रत्येकीला बजावत, "पानी नागपूरले पोचल्यावर पेजो."

वर्ष सरता सरता मला दिवस गेले. तिसरा महिना आला तेव्हा सासूबाईंनी मला खाटेवरून पाय खाली ठेवू दिला नाही. या वेळी मीही वाद घातला नाही. तिसरा महिना गेला, चौथा गेला, आणि पुढच्या पावसाळ्यात, सगळं गाव धानाच्या रोवणीला बांधीत उतरलेलं असताना, मुलगी झाली. दाईनेच नाळ कापली. टाके एकही नाही. सासूबाईंनी तक्रार केली नाही.

टाके पाहायला जाणं त्यांनी सोडलं नाही, अंडीही नेत राहिल्या. पण मोजणं थांबलं. आणि गोळ्याची गोष्ट तर त्या दिवसानंतर मी त्यांच्या तोंडून ऐकलीच नाही.

मुलगी चार वर्षांची झाली तेव्हा तिला आकडे शिकायचं वेड लागलं. दिसेल ते मोजायची. बैलाचे पाय, छपरावरची कौलं, माझ्या हातातल्या बांगड्या. एका दुपारी सासूबाई ओसरीवर आडव्या झाल्या होत्या. पोरीने आजीचा पदर बाजूला केला आणि त्या जुन्या वणावरच्या आडव्या खुणांवर बोट ठेवून मोजू लागली. मी दारात तांदूळ निवडत होते. सतरापर्यंत बरोबर पोचली.

"आजी, एवढे टाके काहून पडले तुले?"

"पोटातून एक काढलं होतं."

"केवढं होतं?"

माझा हात सुपात थांबला. डांगर येतं की काय, मला बघायचं होतं.

"मोहाच्या फुलाएवढं," सासूबाई म्हणाल्या.

"एवढुसंच?" पोर साफ नाराज झाली. "मंग आईलेबी तेवढंच होतं नं? तिले त एकबी टाका नाही."

सासूबाईंनी तिला जवळ ओढलं. माझ्याकडे एकदा पाहिलं, मग पुन्हा पोरीचं बोट धरून स्वतःच्या पोटावर ठेवलं.

"तुह्या मायचेबी याच्यातच धर," त्या म्हणाल्या. "म्या दोघींचे मारून घेतले."

पोरीला ते पटलं. तिने पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली.